दारू सोडल्यानंतरचे ताट : व्यसनमुक्तीच्या काळातील आहार, टप्प्याटप्प्याने

घरात व्यसनमुक्तीचा विषय निघाला की चर्चा औषधे, समुपदेशन, केंद्रात किती दिवस ठेवायचे आणि खर्च किती येईल याभोवती फिरते. जेवणाचा मुद्दा आलाच तर ‘आता त्याला जरा चांगले खाऊ-पिऊ घाला’ एवढ्यावर तो संपतो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यामुळे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतात ही गोष्ट पुणेकरांना नव्याने सांगावी लागत नाही. स्वयंपाकघराचा या उपचाराशी नेमका संबंध काय, हे मात्र डिस्चार्जच्या कागदावर क्वचितच लिहिलेले असते. माणूस घरी येतो आणि पहिल्या आठवड्यात त्याच्यापुढे एक तर पथ्याचा वरण-भात येतो, नाहीतर कौतुकाची बासुंदी-पुरी.

हा लेख मुख्यतः दारू सोडणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. गर्द आणि तंबाखू यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. आहाराने व्यसन सुटत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. शरीराची झालेली झीज भरून काढणे आणि तलफेला हातभार लावणारी भूक वेळीच भागवणे ही दोन कामे मात्र आहारच करतो, आणि त्यांतल्या दुसऱ्या कामासाठी काय खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोडण्याआधी

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ८ तासांत हातांना कंप, घाम, मळमळ आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, स्थळकाळाचे भान सुटते, ताप चढतो. या अवस्थेत जीव जाऊ शकतो. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते ती श्रावणाची. गटारीला शेवटचे पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद, असा संकल्प करणारा जर वर्षभर रोज सकाळी उठल्याबरोबर पिणारा असेल, तर त्याचा संकल्प कितीही चांगला असला तरी तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पडायला हवा. फिट, भास, सतत उलट्या किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोठे जावे हेच कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांना आहाराविषयी तीन गोष्टी सांगाव्यात. गेल्या पंधरा दिवसांत रुग्णाने नीट जेवण किती वेळा केले, गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरले, आणि चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा ताज्या गोष्टी विसरणे यांपैकी काही आहे का. यांची उत्तरे मिळाली की पुढचे उपचार बदलतात, कारण या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आहे.

ब-१ : सगळ्यांत आधी, आणि बहुधा सुईतून

खाल्लेल्या भात-भाकरीतील साखरेचे ऊर्जेत रूपांतर करताना पेशींना थायमिन लागते. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. दारू पिणाऱ्याच्या बाबतीत हा साठा तिन्ही बाजूंनी आटतो : जेवण कमी, आतड्यातून शोषण कमी, आणि यकृतात साठवण कमी. साठा फार खाली गेला की मेंदूचे काही भाग उपाशी राहू लागतात. गोंधळलेली मनःस्थिती, डोळ्यांच्या हालचालींतील दोष आणि तोल जाणे असे या आजाराचे वर्णन कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली केले, त्यावरून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिन्ही लक्षणे एकाच वेळी दिसतीलच असे नाही, आणि ‘अजून उतरलेली नाही’ असे समजून घरचे लोक ती दुर्लक्षितात, हाच यातला मोठा धोका आहे. उपचार लांबला तर स्मरणशक्तीची कायमची हानी होऊ शकते.

आता आपल्याकडच्या एका सवयीकडे वळू. माणूस गळून गेला की आपण दवाखान्यात जाऊन ‘एक बाटली लावा’ म्हणतो. त्या सलाईनमध्ये बहुतेक वेळा ग्लुकोज असते, आणि थायमिन नसलेल्या शरीरात ग्लुकोज ओतले की उरलेसुरले थायमिन ते जाळण्यात संपते. म्हणून दारूच्या रुग्णाला थायमिनचे इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर देण्याची पद्धत आहे. रक्तातील साखर धोकादायक खाली गेली असेल तर डॉक्टर ग्लुकोजसाठी अर्थातच थांबत नाहीत. पण त्याबरोबर थायमिन दिले का, हे नम्रपणे विचारण्याचा हक्क नातेवाइकांना आहे आणि तो त्यांनी बजावावा. पहिले काही दिवस गोळ्यांऐवजी इंजेक्शन देण्याचे कारण असे, की सुजलेल्या आतड्यातून गोळीतील औषध पुरेसे आत जात नाही.

आहारातून थायमिन मिळते ते मोड आलेली मटकी, शेंगदाणे, तीळ, डाळी, बाजरी, मटार आणि हातसडीचा तांदूळ यांतून. तांदूळ पॉलिश करताना ते कोंड्याबरोबर निघून जाते. हरभरे किंवा छोले लवकर शिजावेत म्हणून त्यांत खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे, आणि सोड्याने थायमिन नष्ट होते. या काळापुरता तरी सोड्याचा डबा बाजूला ठेवावा आणि कुकरच्या दोन शिट्या जास्त कराव्यात. मात्र झालेली मोठी तूट निव्वळ उसळीने भरून निघत नाही. औषध चालू असताना त्याला आहाराची जोड द्यायची, असा हा क्रम आहे.

पहिले चार-पाच दिवस : थोडे, वारंवार आणि हाताला झेपेल असे

या दिवसांत रुग्णाला भूक नसते, पोटात जळजळते, हात थरथरत असतात. वाटीत पातळ वरण आणि चमचा दिला तर अर्धे अंगावर सांडते, चारचौघांत तसे झाले की तो ताट सरकवतो, आणि घरचे म्हणतात, ‘जेवतच नाही.’ त्यापेक्षा पेज, सूप किंवा ताक कान असलेल्या मगात अर्ध्यापर्यंतच भरून द्यावे, म्हणजे दोन्ही हातांनी धरता येते. मऊ इडली, केळे, उकडलेला बटाटा, थालीपीठाचा तुकडा अशा हाताने उचलता येणाऱ्या वस्तू द्याव्यात. दर दोन-अडीच तासांनी थोडे खाणे हे दोन मोठ्या जेवणांपेक्षा सोसते.

उलट्या-जुलाब असतील तर मेडिकलमधील ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावे. मोठ्या पाकिटाला सहसा एक लिटर पाणी लागते. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम चांगले असते, पण मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच ते द्यावे.

जो माणूस अनेक दिवस जवळजवळ उपाशी राहून केवळ पीत होता, त्याला मायेपोटी एकदम भरपेट जेवू घालणे धोक्याचे ठरते. उपाशी शरीरात अचानक पिष्टमय अन्न गेले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम वेगाने पेशींमध्ये ओढले जाते. परिणामी हृदयाचे ठोके बिघडू शकतात, धाप लागते, पायांवर सूज येते, स्नायूंतील बळ जाते. याला पुनराहाराचा दोष म्हणू या. तो साधारण पहिल्या पाच दिवसांत डोके वर काढतो. फारच खंगलेल्या रुग्णाला म्हणूनच रुग्णालयात ठेवून, रक्ततपासण्या करत, हळूहळू अन्न वाढवावे लागते. घरी सोडलेल्या रुग्णाच्या बाबतीतही पहिल्याच दिवशी पंचपक्वान्नांचा घाट घालू नये.

दुसऱ्या आठवड्यापासून : दिवसाची घडी

पोट स्थिरावले की आहार भराभर वाढवता येतो, आणि येथे प्रथिनांना प्राधान्य द्यावे. निरोगी प्रौढासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. स्नायू झिजलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या रुग्णाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. ६० किलो वजनाच्या माणसासाठी म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम. आकडा मोठा वाटला तरी पुण्यातील साध्या मध्यमवर्गीय घरात तो पावडरचे डबे न आणता गाठता येतो.

सकाळी उठल्यापासून तासाभरात न्याहारी व्हावी : दोन अंड्यांची भुर्जी, एक पोळी आणि पेलाभर दूध, किंवा अंडी चालत नसतील तर मुगाची धिरडी आणि दही. साडेदहाच्या सुमारास केळे आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे. दुपारी दोन भाकऱ्या, घट्ट वरण, पालेभाजी आणि वाटीभर दही. वरण घट्ट असण्यावर माझा कटाक्ष आहे, कारण अनेक घरांतील वरणात एका माणसाच्या वाट्याला डाळ १०-१५ ग्रॅमसुद्धा येत नाही. या माणसाच्या वाट्याला ३० ग्रॅम कोरडी डाळ आली पाहिजे. संध्याकाळी सहाला मटकीची उसळ आणि मूठभर पोहे, त्याविषयी पुढे बोलू. रात्री साडेआठला मुगाची खिचडी, भाजी, आणि झोपताना पेलाभर दूध. एवढ्यात ७५ ते ८० ग्रॅम प्रथिने सहज होतात. मांसाहारी घरात मासे किंवा चिकन आठवड्यातून दोन-तीनदा आले तर हिशेब आणखी सोपा होतो.

फोलेटसाठी पालक, मेथी, चवळी आणि हरभरे. मॅग्नेशियमसाठी राजगिरा, तीळ, शेंगदाणे. जस्तासाठी तीळ, डाळी, अंडी आणि मांस. जस्त कमी झाले की तोंडाची चव जाते, आणि ‘घरचे काहीच चांगले लागत नाही’ या तक्रारीमागे स्वयंपाकाचा दोष नसून हे कारण असू शकते. चव परत येईपर्यंत लिंबू, कोथिंबीर, कोकम आणि लसणीची फोडणी यांनी जेवण उठावदार करावे. तिखट मात्र जठराची जळजळ थांबेपर्यंत बेताचेच.

संध्याकाळी सहा ते साडेआठ

या अडीच तासांवर जितके लक्ष द्यावे तितके थोडे. पुण्यात नोकरी करणारा माणूस दुपारी एक-दीडला डबा खातो, चारला चहा-बिस्किट होते, आणि हडपसर किंवा हिंजवडीहून वाहतुकीतून घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. म्हणजे सहा तास पोटात भरीव असे काही नाही. पूर्वी नेमक्या याच वेळी तो परमिट रूमकडे वळत होता आणि तेथे पहिल्या पेल्याबरोबर चकणा येत होता. शरीराने वर्षानुवर्षे ही वेळ, ही भूक आणि दारू यांची गाठ बांधून ठेवलेली आहे. त्यामुळे आता सात वाजता पोटात खड्डा पडला की त्याला ती भूक न वाटता तलफ वाटते. दारू सोडणाऱ्यांचा आधारगट असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांपासून सावध राहायला सांगतात. त्यांतली भूक ही सर्वांत लवकर दूर करता येणारी आहे.

उपाय सरळ आहे. सहा ते साडेसहाच्या दरम्यान, घरी पोहोचण्याआधी, पोटात काहीतरी भरीव गेले पाहिजे. डब्याच्या पिशवीत दुसरा छोटा डबा असावा. त्यात उसळ-पोहे, दोन धपाटे व दही, पनीर किंवा अंड्याची पोळीची गुंडाळी, दाण्याचा लाडू, भिजवलेले हरभरे असे प्रथिने आणि धान्य दोन्ही असलेले काही असावे. डबा शक्यतो ऑफिसातच संपवून निघावे. वाटेत खाऊ म्हटले की वाट लांबते, आणि जुन्या ठिकाणावरून जाते. सायंकाळच्या सभेला जाणाऱ्यानेही आधी खाऊन जावे. एवढे करूनही तलफ आली, तर ती निदान भरल्या पोटावर येते. तिच्याशी बोलायला समुपदेशकाने शिकवलेले मार्ग मग उपयोगी पडतात.

चकण्याच्या पदार्थांबाबत एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते, कारण आहाराच्या तक्त्यांत ते सापडत नाही. मसाला शेंगदाणे, मीठ-मिरपूड भुरभुरलेली उकडलेली अंडी, चणे : पिणाऱ्याच्या आहारात दिवसभरात प्रथिनांचे म्हणून जे काही असते, ते अनेकदा एवढेच. दारू सुटली की हे पदार्थही सुटतात, किंवा आरोग्यदायी म्हणून कोणीतरी तेच रात्री आठ वाजता बशीत आणून ठेवते आणि त्या वासाबरोबर सगळी बैठक आठवते. पदार्थ टाकून देऊ नये, त्याचे रूप आणि वेळ बदलावी. शेंगदाणे कुटाच्या रूपात भाजीत किंवा गुळाबरोबर लाडवात जावेत, अंडी सकाळच्या भुर्जीत जावीत, चण्यांची उसळ दुपारच्या ताटात यावी. बशी, टूथपिक आणि चाट मसाला काही महिने तरी दृष्टीआड असलेले बरे.

गोडाची ओढ आणि चहा

दारूच्या प्रत्येक ग्रॅमपासून सात उष्मांक मिळतात. देशात मिळणाऱ्या रम-व्हिस्कीत सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असते, त्या हिशेबाने १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमधून ४०० हून थोडे अधिक उष्मांक शरीराला मिळत होते, आणि त्यांच्याबरोबर एकही जीवनसत्त्व किंवा प्रथिन येत नव्हते. हा पुरवठा थांबला की शरीर गोड मागते. पहिल्या काही आठवड्यांत ही मागणी पुरी करण्यास माझी हरकत नाही. जिलबी खाणारा माणूस न खाता पुन्हा पिऊ लागण्यापेक्षा बरा. मात्र नुसते गोड रिकाम्या पोटी खाल्ले की साखर वर जाते आणि तासा-दोन तासांत झपाट्याने खाली येते, त्या घसरणीत हात थरथरतात, चिडचिड होते, आणि पुन्हा काहीतरी हवेसे वाटते. म्हणून गोड जेवणाच्या शेवटी खावे किंवा प्रथिनांबरोबर खावे : खजूर आणि दाणे, दूध आणि केळे, श्रीखंड पोळीबरोबर.

चहा हा पुण्यातला खरा प्रश्न आहे. दारू सोडलेल्याला उभे राहायला, बोलायला, वेळ काढायला अमृततुल्य हाच आधार असतो, आणि तो काढून घेणे शहाणपणाचे नाही. पण दिवसाला दहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर १०० ग्रॅम साखर, म्हणजे ४०० उष्मांक होतात. क्वार्टरचे उष्मांक चहातून परत आले. भूक मारली जाते, झोप उडते, आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा टाळावा, दुपारी चारनंतर कपांची संख्या एकावर आणावी, आणि टपरीवर गप्पा मारायच्या असतील तेव्हा ताक किंवा लिंबूपाणी हातात घ्यावे.

ज्यांनी दारूबरोबर सिगारेटही सोडली आहे त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. धुरातील घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा वेगाने करत असते. सिगारेट थांबली की हा निचरा मंदावतो आणि पूर्वीइतकाच चहा-कॉफी घेतली तरी छातीत धडधड, अस्वस्थता आणि निद्रानाश होतो. ही लक्षणे सिगारेट सोडल्याचा त्रास म्हणून सहन केली जातात. चहा अर्ध्यावर आणला की बरीच ओसरतात.

तंबाखू, गुटखा, गर्द

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तरीही त्याने तोंड आखडलेली माणसे दिसतात. अशा माणसाला भाकरी चावता येत नाही आणि तिखट लागले की आग होते. त्याच्यासाठी दह्यात कुस्करलेली भाकरी, मऊ थालीपीठ, नाचणीचे आंबील, अंड्याचा मऊ पोळा असे ताट करावे, आणि दंतवैद्याला किंवा मुखरोगतज्ज्ञाला तोंड दाखवावे, कारण या विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तंबाखू सोडल्यावर भूक वाढते आणि काही किलो वजन चढते. त्याची धास्ती घेऊन जेवण तोडू नये. तोंडात काहीतरी हवे असते त्यासाठी बडीशेप, लवंग, आवळ्याच्या फोडी, गाजराचे तुकडे चालतात.

गर्द आणि इतर अफूजन्य पदार्थांत आधी बद्धकोष्ठ असतो आणि टर्की, म्हणजे पदार्थ बंद केल्यावरचा त्रास, सुरू झाली की जुलाब, उलट्या, पोटात मुरडा. तेव्हा पाणी आणि क्षार हीच पहिली गरज. ते दिवस सरले की गोडाची ओढ दारूच्या रुग्णापेक्षाही तीव्र असते. उपचारात ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध चालू असेल तर बद्धकोष्ठ परत येतो, म्हणून पाणी, पालेभाजी, कोंड्यासकट पीठ आणि पपई-पेरू नियमित ठेवावेत.

यकृत आणि मधुमेह

यकृत बिघडले की प्रथिने बंद करावीत, असा जुना समज अजूनही ऐकू येतो. आजची वैद्यकीय शिफारस याच्या उलट आहे : सिरोसिसमध्येही प्रथिने तोडू नयेत. रुग्णाच्या मेंदूवर परिणाम होत असेल तर डाळी आणि दूध-दही यांतील प्रथिने मांसापेक्षा चांगली सोसतात. अशा यकृतात रात्रभर पुरेल इतकी साखर साठत नाही, त्यामुळे शरीर पहाटे स्नायू जाळू लागते. म्हणून झोपण्यापूर्वीचे खाणे, दूध-पोहे किंवा एखादी पोळी, येथे औषधाइतके महत्त्वाचे आहे. पोटात पाणी असेल तर लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ बंद करावे. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या यकृताला घातक ठरतात, आणि लोहाच्या गोळ्या रक्त तपासल्याशिवाय घेऊ नयेत.

‘लिव्हर साफ’ करणाऱ्या काढ्यांपासूनही दूर राहावे. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती. आधीच दुखावलेल्या यकृतावर असे प्रयोग करणे मला पटत नाही.

मधुमेही व्यक्ती दारू सोडते तेव्हा तिच्या जेवणाची वेळ, प्रमाण आणि वजन सगळेच बदलते. जुन्या गोळ्यांची जुनी मात्रा तशीच चालू राहिली तर साखर फार खाली किंवा वर जाऊ शकते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत घरच्या यंत्रावर ती वरचेवर मोजून डॉक्टरांना दाखवावी.

उपवास, माळ आणि सण

पहिले सहा महिने उपवास करू नयेत. एकादशीची साबुदाण्याची खिचडी जवळजवळ निव्वळ पिष्ट असते. दाण्याचे कूट सोडले तर तीत प्रथिन नाही, आणि दिवसभराच्या रिकाम्या पोटानंतर येणारी संध्याकाळ कशी असते ते वर आलेच आहे. मन मानतच नसेल तर वेळा मोडू न देता राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दूध, दही, फळे असा उपवास करावा.

दारू सोडताना गळ्यात तुळशीची माळ घालण्याची परंपरा महाराष्ट्रात मोठी आहे, आणि तिने अनेकांना खरोखर तारले आहे. दारूबरोबर मांसाहारही एका दिवसात सुटतो, एवढे मात्र घरच्यांनी लक्षात घ्यावे. मटण, मासे आणि अंडी यांतून मिळणारी प्रथिने, जस्त आणि ब-१२ यांची जागा दूध, दही, ताक, पनीर, कडधान्ये आणि सोयाबीन यांनी जाणीवपूर्वक भरावी लागते. ब-१२ ची रक्ततपासणी करून कमी असल्यास गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. माळकऱ्याला त्यात काही वर्ज्य नाही.

घरातील छुपी दारू

दारूपासून दूर ठेवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध चालू असेल तर अल्कोहोलचा अंशही पोटात गेला तरी चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणे असा त्रास होतो. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे अल्कोहोल तयार झालेलेच असते. खोकल्याची काही औषधे, होमिओपॅथीचे अर्क, काही माउथवॉश आणि नाताळात बेकऱ्यांत मिळणारा रम घातलेला केक यांचीही तीच गत. औषध चालू नसले तरी या गोष्टी टाळाव्यात, कारण चव आणि वास पुरेसे असतात. नीरा केंद्रावरील ताजी नीरा निर्दोष असली तरी उन्हात ती लवकर आंबते, म्हणून तीही नको. शून्य अल्कोहोलच्या नावाने मिळणाऱ्या बिअरच्या काही प्रकारांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते. शिवाय हातात तीच बाटली येते.

आणि एक कळकळीची सूचना. ‘रुग्णाला न सांगता जेवणातून द्या’ अशा जाहिरातींची पावडर भाजीत किंवा आमटीत कधीही मिसळू नये. तीत पुष्कळदा डायसल्फिरामच असते. बेसावध माणूस त्यावर प्यायला तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. तो वाचला आणि त्याला हे कळले, तर त्या घरातील जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो, आणि वर सांगितलेले काहीच त्याच्या गळी उतरवता येत नाही.

नोंद आणि तपासण्या

स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवरच रोज तीन खुणा कराव्यात : न्याहारी झाली का, संध्याकाळचा डबा संपला का, झोपताना दूध घेतले का. तलफ जोराची आली त्या दिवशी चौथी खूण करावी. ही चौथी खूण बहुधा दुसरी खूण नसलेल्या दिवशी पडलेली आढळते, आणि ती रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की डबा भरा म्हणून मागे लागावे लागत नाही. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर पाहावे. थोड्याच दिवसांत दीड-दोन किलो वाढले आणि घोट्यांवर सूज आली तर ती बाळसे धरल्याची खूण नसून पाणी साठत आहे, तेव्हा लगेच डॉक्टरांकडे जावे.

रक्तातील यकृताचे आकडे, विशेषतः जीजीटी, दारू पूर्ण बंद राहिल्यास साधारण काही आठवड्यांत खाली येऊ लागतात. तांबड्या पेशींचा वाढलेला आकार दाखवणारा एमसीव्ही हा आकडा मात्र रेंगाळतो, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि जुन्या पेशी जाऊन नव्या येईपर्यंत तीन-चार महिने लागतात. पहिल्या महिन्याच्या अहवालात तो तसाच वाढलेला दिसला म्हणून ‘लपून पितोस’ असा आरोप करण्याआधी चौथ्या महिन्याच्या अहवालाची वाट पाहावी आणि तोपर्यंत ब-१२ व फोलेट तपासून घ्यावे.